दाराची कडी कोणत्या बाजूस?

उपवासकाळ सुरू झाला की आपल्या धर्मग्रामांतून भेटींचे बेत ठरू लागतात. महिला मंडळ वृद्धाश्रमात जाते, युवक मंडळ अनाथाश्रमात जाते, आणि एखाद्या वर्षी कोणीतरी कुष्ठवसाहतीचे नाव सुचवतो. फळांच्या करंड्या, बिस्किटांचे पुडे, जुने पण धुऊन इस्त्री केलेले कपडे, दोन-चार भक्तिगीते, शेवटी सर्वांचे मिळून एक छायाचित्र. आणि परतीच्या बसमध्ये मनाला लाभलेले एक प्रकारचे समाधान. या भेटींमागील हेतू निर्मळ असतो याविषयी आम्हांला शंका नाही. तरीही एक प्रश्न विचारावासा वाटतो. दुसऱ्याचे घर पाहावयास जाण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? उद्या आपल्याच आळीत चाळीस अनोळखी माणसे बसमधून उतरली, आपल्या स्वयंपाकघरात डोकावली, आजीचा हात हातात घेऊन छायाचित्र काढून आली तशी निघून गेली, तर आपण त्यांना भले लोक म्हणू की आगंतुक?

रुग्णालयाची गोष्ट वेगळी. रुग्णालयात माणूस तात्पुरता असतो; बरा झाला की त्याने घरी जायचे असते. आजाऱ्याची विचारपूस करणे ही दयेची कृती म्हणून आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो. वसाहत म्हणजे रुग्णालय नव्हे. ज्यांना परत जायला घरच उरले नव्हते अशांसाठी वसाहती उभ्या राहिल्या, आणि तेथे जन्म गेला, संसार झाले, म्हातारपण आले. ती घरे आहेत. ज्याने ते घर बांधून दिले तो दाता थोर असेल, पण त्यामुळे ते घर सार्वजनिक होते काय?

हा प्रश्न वऱ्हाडच्या भूमीवर विचारणे सोयीचे आहे. मुंबईहून नागपूरच्या गाडीने निघाले की अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही स्थानके ओळीने लागतात. कापसाचा मुलूख, काळी माती, आणि वैशाखात अंग भाजून काढणारे ऊन. आपल्या ख्रिस्तसभेचा अमरावती धर्मप्रांत ८ मे १९५५ रोजी स्थापन झाला. कोकणकिनाऱ्यावरच्या धर्मप्रांतांशी तुलना करता तेथील कॅथलिक कुटुंबे थोडी आणि विखुरलेली. या प्रदेशाने आणि त्याच्या शेजारच्या वर्धा-चांद्याने कुष्ठरुग्णांसाठी जे केले त्याला आपल्या देशात तोड सापडणे कठीण. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये काम आरंभले. सेवाग्रामात गांधीजींनी परचुरेशास्त्रींना आपल्या कुटीशेजारी जागा देऊन स्वतःच्या हाताने त्यांची शुश्रूषा केली. अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये तपोवन वसवले. वरोऱ्यास बाबा आमटे यांचे आनंदवन त्यानंतर आले.

तपोवन समजून घ्यायचे तर त्या काळचा कायदा आठवावा लागतो. १८९८ च्या कुष्ठरोगविषयक कायद्याने भीक मागून जगणाऱ्या रुग्णाला पकडून आश्रयस्थानात ठेवण्याची मुभा सरकारला दिली होती. त्या आश्रयस्थानाला दार होते, पण त्याची कडी बाहेरून होती. हा कायदा पुस्तकातून पुसला गेला तो २०१६ साली, म्हणजे रोगावरचा खात्रीचा उपचार हाती आल्यानंतरही कितीतरी वर्षांनी. अनेक औषधांच्या संयुक्त उपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये केली होती; सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून या रोगाचे दूरीकरण झाल्याचे भारताने २००५ च्या अखेरीस जाहीर केले. नवे रुग्ण आजही सापडतात, ते बरे होतात, आणि उपचार सुरू झाल्यावर त्यांच्यापासून इतरांना संसर्ग होत नाही. पण जीवशास्त्र पुढे गेले तरी शेजारधर्म मागेच रेंगाळला. एखाद्या जोडीदाराला कुष्ठरोग आहे एवढ्यावर घटस्फोट मागण्याची तरतूद आपल्या विवाहविषयक कायद्यांतून निघाली ती २०१९ साली, त्यात आपल्या ख्रिस्ती लोकांना लागू असलेला कायदाही आला. विवाह अभेद्य मानणाऱ्या आपल्या समाजाने या तरतुदीविरुद्ध किती आवाज उठवला, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

डॉ. पटवर्धन यांना लोक दाजीसाहेब म्हणत. ते होमिओपॅथीचे डॉक्टर आणि स्वातंत्र्यचळवळीतले कार्यकर्ते. ज्या रुग्णांना गावाने वेशीबाहेर काढले त्यांच्यासाठी त्यांनी शहराबाहेरची उजाड जमीन निवडली आणि तेथे शेती, हातमाग, सुतारकाम अशी कामे उभी केली. भीक मागणारा हात काही निर्माण करू शकतो हे आधी त्या हाताच्या धन्याला पटावे, मग जगाला, असा त्यांचा क्रम होता. १९५९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, १९८६ मध्ये ते गेले. शहरापासून दूर म्हणून निवडलेली ती जागा आज दूर राहिलेली नाही. शेजारी विद्यापीठ आले, रस्ते आले, घरे आली. ज्यांनी त्या लोकांना वेशीबाहेर घालवले त्यांची नातवंडे आता त्याच वेशीबाहेर प्लॉट घेऊन राहतात, याची गंमत वाटल्यावाचून राहत नाही.

याच वऱ्हाडात आश्रयाची दुसरीही एक तऱ्हा आहे. फाळणीनंतर सिंधमधून सर्वस्व सोडून आलेली कुटुंबे अकोल्यास आणि अमरावतीस उतरली. अकोल्याचा सिंधी कॅम्प, अमरावतीचा रामपुरी कॅम्प ही नावे अजून टिकून आहेत, कॅम्प मात्र कधीच संपला. तेथे दुकाने आहेत, माड्या आहेत, गुरुद्वारे आणि मंदिरे आहेत. निर्वासितांची वसाहत पाहावयास म्हणून तेथे कोणी बस भरून नेत नाही, केळी वाटत नाही. का नेत नाही? तेथील माणसे कमी सोसून आली होती म्हणून नव्हे. तेथले दार आता घरमालकाचे आहे आणि ते कोणासाठी उघडायचे हे तोच ठरवतो, एवढेच त्याचे कारण. तपोवनासारख्या वसाहतीतल्या वृद्धाला आपण तो अधिकार मनातून अजून दिलेला नाही.

येथे वाचकांना थोडे दूर, जर्मनीतील आउग्सबुर्ग नगरात नेतो. कारण दान म्हणून दिलेल्या घराचा विचार तेथे पाचशे वर्षे सलग पाहायला मिळतो, आणि ते ठिकाण आपल्या धर्मपरंपरेतले आहे. याकोब फुग्गर हा त्या काळचा युरोपातील सर्वांत धनाढ्य सावकार. त्याने १५१६ पासून नगरातील गरीब कॅथलिक कुटुंबांसाठी घरे बांधायला घेतली आणि २३ ऑगस्ट १५२१ रोजी त्यांचा दानपत्रलेख केला. फुग्गेराय असे त्या वस्तीचे नाव. भोवती तट, आत सरळ गल्ल्या, पिवळसर भिंतींची दुमजली घरे आणि एक लहान चर्च. आज तेथे सदुसष्ट घरांत सुमारे दीडशे माणसे राहतात. वर्षाचे भाडे ठरले होते एक ऱ्हेनिश गुल्डन. त्याचे आजच्या चलनात होतात अठ्ठ्याऐंशी सेंट, म्हणजे एक युरोही नाही. पाच शतकांत ते वाढवलेले नाही. भाड्याखेरीज आणखी एक अट आहे: रहिवाशाने दिवसातून तीन वेळा दात्यासाठी प्रार्थना करायची, प्रभूची प्रार्थना, नमो मरिया आणि विश्वासांगीकार.

या वस्तीविषयी लिहिणारे बहुतेक जण भाड्याच्या आकड्यापाशी थांबतात. आम्हांला तेथील दारे अधिक महत्त्वाची वाटतात. त्या काळी गरिबांना ठेवायचे म्हणजे एका लांब दालनात खाटा मांडून ठेवायचे, अशीच रीत होती. फुग्गरच्या घरांत तळमजल्याला वेगळे दार आहे आणि वरच्या मजल्याला वेगळे. प्रत्येक कुटुंबाला स्वतःचा उंबरठा, स्वतःची चूल. घंटा ओढण्याच्या मुठीसुद्धा घराघराला निरनिराळ्या आकारांच्या, म्हणजे रस्त्यावर दिवे नसताना अंधारात चाचपून आपले दार आपल्याला ओळखू यावे. दानपत्राने निवडलेही कोणाला? कष्ट करणाऱ्या पण अडचणीत आलेल्या कारागिरांना व मजुरांना, जे उघड भीक मागत नव्हते अशांना. वोल्फगांग आमाडेउस मोझार्ट या जगप्रसिद्ध संगीतकाराचे पणजोबा फ्रान्झ मोझार्ट हे गवंडी होते आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस काही वर्षे ते याच वस्तीत राहिले. पणजोबा दानाच्या घरात राहिले म्हणून त्यांचा वंश खुंटला नाही.

फेब्रुवारी १९४४ मध्ये एका रात्रीच्या बॉम्बवर्षावात ही वस्ती बव्हंशी उद्ध्वस्त झाली. ती पुन्हा उभारली, पहिल्यासारखी. आणि आज काय होते? जगभरचे प्रवासी तिकीट काढून ती पाहावयास येतात. एका प्रवाशाच्या प्रवेशशुल्कात एका रहिवाशाचे कित्येक वर्षांचे भाडे निघेल. व्यवस्थापकांनी यावर एक साधा तोडगा काढला आहे: एक घर रिकामे ठेवून, सजवून प्रवाशांना दाखवायचे, म्हणजे बाकीच्या घरांत कोणी डोकावणार नाही. रात्री दहाला वेशी बंद होतात; उशिरा परतणाऱ्या रहिवाशाला पहारेकरी थोडे पैसे घेऊन आत सोडतो. दिवसा मात्र खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालणारी म्हातारी कोणाच्या ना कोणाच्या कॅमेऱ्यात सापडतेच. अठ्ठ्याऐंशी सेंट आणि तीन प्रार्थना या भाड्यात दानपत्राने न लिहिलेली ही तिसरी अट नंतर येऊन बसली असे आम्हांला वाटते: पाहू देणे.

तीन प्रार्थनांच्या अटीविषयी दोन मते संभवतात. एक असे की हा सरळ सौदा आहे. फुग्गरच्या पेढीच्या वह्यांत आउग्सबुर्गचे रक्षक संत उलरिख यांच्या नावे खाते होते आणि दानधर्माचा पैसा त्यातून जात असे. सावकाराने स्वर्गाशीही जमाखर्च ठेवला. तो पैसा कोठून आला होता हेही विसरता येत नाही. तांब्याच्या आणि रुप्याच्या खाणी, राजांना दिलेली कर्जे, १५१९ मध्ये पाचव्या चार्ल्सला सम्राटपद मिळावे म्हणून ओतलेल्या राशी. ज्या पापदंडमाफीच्या पत्रांच्या विक्रीवरून मार्टिन लूथर यांनी १५१७ मध्ये वाद पुकारला, तिच्या पैशाची ने-आणही याच पेढीकडे होती. १५०५ मध्ये पोर्तुगालहून हिंदुस्थानाकडे निघालेल्या गलबतांच्या काफिल्यात ज्या जर्मन व्यापाऱ्यांनी भांडवल घातले त्यांतही ही पेढी होती. तेव्हा त्या पिवळ्या भिंतींत मिऱ्याच्या दाण्याएवढा का होईना, आपल्या पश्चिम किनाऱ्याचाही हिस्सा असावा.

दुसरे मत आम्हांला अधिक खोल वाटते. ज्याच्यापाशी सारे आहे असा माणूस गरिबाच्या दारी जाऊन सांगतो की, तुझ्यापाशी असे काही आहे जे मला विकत मिळत नाही, ते मला दे. ख्रिस्तसभेने गरिबांना प्रार्थनेचे धनी मानले ते याच अर्थाने. येथे घेणाराही देणारा होतो. तो उपकाराखाली दबत नाही, कारण त्याने रोजची आपली बाजू चुकती केलेली असते. शिवाय प्रार्थना म्हटली की नाही हे कोणी तपासत नाही. ती दार लावून, एकांतात म्हणायची आहे, प्रभूने शिकवले तसे.

तरी ही अट आपल्या देशात जशीच्या तशी आणता येणार नाही, आणावीही नाही. जेथे घर, औषध किंवा भाकरी देणाऱ्या ख्रिस्ती हाताकडे आधीच संशयाने पाहिले जाते तेथे प्रार्थनेची अट घेणाऱ्याच्या अंतःकरणावर जुलूम होईल, आणि ती पाळली गेली तरी प्रार्थना राहणार नाही. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००५ च्या आपल्या पहिल्या विश्वपत्रात हेच स्पष्ट केले आहे की, प्रेमाची सेवा दुसऱ्या कोणत्याही हेतूचे साधन म्हणून करायची नसते. भल्या शोमरोनी माणसाच्या दाखल्यात आपण जखमेवरचे तेल आणि द्राक्षारस लक्षात ठेवतो. त्याने त्या माणसाला धर्मशाळेत नेले, दुसऱ्या दिवशी मालकाला पैसे मोजून दिले आणि तो आपल्या कामाला निघून गेला, हा भाग विसरतो. जखमी माणूस शुद्धीवर आल्यावर आभार मानील म्हणून तो उशाशी बसून राहिला नाही.

निघून जाणाऱ्या दात्याचे उदाहरण पाहायला वऱ्हाडी माणसाला परदेशी जावे लागत नाही. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातले, शेंडगावचे. त्यांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा बांधल्या. स्वतः मात्र झोपडीत नाहीतर झाडाखाली राहिले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेच्या स्वाधीन केली आणि हात झटकून मोकळे झाले. फुग्गरने पाचशे वर्षे आपले नाव दारावर ठेवले. बाबांनी खराटा उचलला आणि पुढचे गाव गाठले. अर्थात फुग्गरच्या बाजूनेही बोलले पाहिजे. त्याचे नाव, त्याचे कुटुंब आणि दानपत्राला जोडलेली मालमत्ता मागे उभी आहे म्हणून त्या घरांवर अजून कौले आहेत. देऊन मोकळे होणाऱ्यांच्या पश्चात कितीतरी वास्तूंची छपरे गळू लागतात, हे आपण आपल्या ट्रस्टांच्या कारभारात पाहतोच.

आता भेटीकडे वळू. वऱ्हाडातील अशाच एका वसाहतीत आम्ही काही कुटुंबे मिळून गेलो होतो. तिचे नाव येथे देत नाही; तेथील रहिवाशांनी आम्हांला घरी बसवले, मासिकात बसवण्याची परवानगी आम्ही मागितली नव्हती. कार्यालयातील भाषण, परिचय, फळवाटप हे सारे रीतीप्रमाणे झाले. नंतर एका आजींनी आमच्यातील दोघा-तिघांना आपल्या खोलीत बोलावले. बोटे झडलेल्या हातांनी त्यांनी स्टोव्ह पेटवला, चहाचे आधण ठेवले. आमच्याकडे वळून विचारले, "कोण्या गावचे तुमी?" आम्ही गाव सांगितले, समुद्राजवळचे आहे म्हणून सांगितले. त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. थोडा वेळ त्या गप्प राहिल्या आणि मग अगदी सहज म्हणाल्या, "मंग आमी आलो तुमच्या घरी, त बसवसान का?"

प्रश्नात टोमणा नव्हता. वऱ्हाडात पाहुण्याला असे विचारण्याची रीतच आहे. कपबश्या समोर आल्या. त्या खोलीत त्या क्षणी जी शांतता पसरली तिचा विचार आम्ही तेव्हापासून करीत आहोत. चहा सर्वांनी घेतला, हे सांगायला हरकत नाही. पण कोणी किती वेगाने घेतला, कोणी कपाचा कोणता काठ शोधला, हे आजींच्या नजरेतून सुटले असेल असे वाटत नाही. आयुष्यभर त्यांनी लोकांचे हातच पाहिले होते, कोणता हात पुढे येतो आणि कोणता मागे जातो.

शुभवर्तमानात कुष्ठरुग्णाची गोष्ट आली की प्रवचनांतून स्पर्शावर भर दिला जातो आणि तो योग्यच आहे. परंतु त्या गोष्टीतील दुसरी आज्ञा आपण पाळत नाही. बरे केलेल्या माणसाला येशूने याजकाकडे पाठवले, म्हणजे कायद्याने त्याला समाजात परत घेतले जावे अशी व्यवस्था केली, आणि गर्दीला हे सांगू नकोस म्हणून बजावले. आपल्या दयेचा पुरावा म्हणून त्याला कोणापुढे उभे केले नाही. त्याहून मोठी गोष्ट पुढे येते. दुःखसहनाच्या काही दिवस आधी बेथानीस प्रभू जेवायला बसला होता तो शिमोन कुष्ठरोगी याच्या घरी. शिमोन तोवर बरा झाला असेल असे भाष्यकार म्हणतात. लोकांनी मात्र त्याचे नाव रोगावरूनच ठेवले होते. त्या घरात प्रभू काही वाटायला गेलेला नव्हता. तो पंगतीला बसला, यजमानाने वाढले ते जेवला. तेथे देणारा शिमोन होता.

पाहणे आणि पंगतीला बसणे यांतला फरक आनंदवनाच्या आरंभीच्या वर्षांतही दिसून आला. तेथे पिकलेली भाजी आणि दूध घ्यायला वरोऱ्याचे लोक प्रथम तयार नव्हते. पुढे देशोदेशीचे तरुण स्वयंसेवक बांधकामासाठी तेथे येऊन राहिले, रुग्णांबरोबर राबले, त्यांच्याच हातचे जेवले. ते पाहून गावाची भीती हळूहळू सरली आणि भाजीला गिऱ्हाईक मिळाले. भाषणांनी आणि फळवाटपाने हे झाले नव्हते.

कोणी म्हणेल, मग जाऊच नये काय? भेटी थांबल्या तर देणग्या थांबतील आणि त्या माणसांभोवतीची जुनी वेस पुन्हा पक्की होईल. हा आक्षेप खरा आहे. त्याच आजींनी आम्हांला असेही सांगितले होते की पूर्वी लोक येत, आता वर्षवर्ष कोणी फिरकत नाही, आणि दिवस जाता जात नाही. ज्यांना चार पिढ्या कोणी पाहू इच्छीत नव्हते त्यांना आपण आता सभ्यपणाच्या नावाखाली पाहायचे सोडले तर तोही एक बहिष्कारच. जावे, हे उघड आहे. प्रश्न उरतो तो जाण्याच्या रीतीचा.

रीत कशी असावी हे रहिवाशांनीच ठरवल्याचे एक उदाहरण प्रशांत महासागरातील मोलोकाई बेटावर आहे. हवाईच्या राजवटीने १८६६ पासून सुमारे आठ हजार कुष्ठरुग्णांना त्या बेटाच्या एका भूशिरावर नेऊन सोडले. संत दामियन तेथे १८७३ मध्ये गेले, त्यांच्यातलेच एक होऊन राहिले आणि १८८९ मध्ये त्याच रोगाने वारले. संत मरियान कोप आणि त्यांच्या धर्मभगिनी १८८८ मध्ये तेथे पोहोचल्या. सक्तीचा कायदा १९६९ मध्ये गेला. बाहेरची कडी निघाली. पण अनेकांनी तेथेच राहणे पसंत केले, कारण तेच आता त्यांचे घर होते. १९८० मध्ये ती जागा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान ठरली तेव्हा नियम झाले ते त्या मंडळींच्या इच्छेचा मान राखून: दिवसाला मोजकेच पाहुणे, सोळा वर्षांखालील कोणी नाही, आणि लेखी संमतीवाचून कोणाचेही छायाचित्र नाही. मुलांविषयीचा नियम ऐकायला कठोर वाटतो. पण त्या वसाहतीत जन्मलेली मुले आईपासून काढून दूर नेली जात असत, हे ठाऊक असले म्हणजे परक्या मुलांचा किलबिलाट तेथील वृद्धांच्या कानांना कसा लागला असता याची कल्पना येते. आपण तर वसाहतीत नेण्यासाठी पहिल्या कम्युनियनच्या वर्गातल्या मुलांची बस आवर्जून काढतो, त्यांना दुःखाची ओळख व्हावी म्हणून. शेजाऱ्याचे दुःख हे आपल्या मुलांचे पाठ्यपुस्तक आहे, असे आपण कधी ठरवले?

आमच्या मंडळाने यावर पुष्कळ चर्चा केली आणि काही गोष्टी ठरवल्या. जाताना चाळिसांनी जायचे नाही, पाच-सहा जणांनी जायचे. आधी पत्र घालून विचारायचे, आणि नको असे उत्तर आले तर राग धरायचा नाही. कॅमेरा घरी ठेवायचा. आता प्रत्येकाच्या खिशात फोन असतो, तेव्हा हा नियम पाळणे सर्वांत अवघड जाईल हे आम्ही जाणून आहोत. तेथे कोणी काही विणले, शिवले, पिकवले असेल तर ते वाजवी भाव करून विकत घ्यायचे. न घासाघीस करता दुप्पट पैसे टेकवणे हीसुद्धा एक प्रकारची हेटाळणीच आहे, असे आमच्यातील एका भाजीविक्या मावशींचे म्हणणे पडले आणि ते सर्वांना पटले. त्यांनी जेवायला बसा म्हटले तर बसायचे. ज्याला ते जमणार नसेल त्याने प्रामाणिकपणे घरीच थांबावे. त्यात पाप नाही, तेथे जाऊन हात आखडता घेण्यात मात्र दुखावणे आहे.

या सर्वांवर विशेष मतभेद झाले नाहीत. गाडी अडली ती आजींच्या प्रश्नापाशी. आपल्या देवळाच्या सणाला त्या वसाहतीतील आठ जणांना बोलवायचे, समुद्र दाखवायचा, दोन रात्री ठेवून घ्यायचे, असा प्रस्ताव आला. लगेच कोणी म्हणाले, हॉलमध्ये गाद्या टाकू, सोय उत्तम होईल. दुसरे म्हणाले, पंचायतीचे विश्रामगृह मागू. भाच्याच्या लग्नाला नागपूरकडचे व्याही आले होते तेव्हा त्यांना हॉलमध्ये ठेवले होते का, असे एका तरुण सुनेने विचारले, आणि सभा बराच वेळ नुसतीच बसून राहिली. शेवटी घराघरांत दोन-दोन पाहुणे वाटून घ्यावेत असे ठरले. अशी चार घरे हवी होती. आजवर दोन घरांनी होकार कळवला आहे. तिसऱ्या घरी थोरल्या सासूबाईंची समजूत घालणे चालू आहे. त्यांची हरकत रोगाला नाही, पाहुण्यांना तळलेले बोंबील चालतील की नाही एवढीच त्यांना काळजी आहे, असे त्या घरचे लोक सांगतात. चौथ्या घराचा शोध चालू आहे.